संगणक आणि गेम कन्सोल : घरगुती प्रक्षेपणातील एका अपुऱ्या कराराचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव तेथील विवेकानंद आश्रमामुळे आणि दरवर्षी पौषात होणाऱ्या विवेकानंद जन्मोत्सवामुळे सर्वश्रुत आहे. उत्सवाच्या अखेरीस मोकळ्या रानात पंगती बसतात. जेवणारांची संख्या लाखांच्या घरात जाते, आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरांत भरून पंगतींमधून फिरविली जाते. एवढ्या मोठ्या समुदायाला अन्न पोहोचविण्याच्या दोन रीती संभवतात. एक शिध्याची : प्रत्येकाने आपला वाटा एकदम उचलावा, घरी न्यावा आणि सवडीने खावा. दुसरी पंगतीची : पत्रावळीवर थोडेच वाढलेले असते, खाणे चालू असतानाच पुढचे येत राहते, आणि जेवण संपते तेव्हा जवळ साठा असा काही उरत नाही. पहिल्या रीतीत वाट पाहणे आरंभी असते; दुसरीत वाढप्याला उशीर झाला तर जेवणाराचा हात मध्येच थांबतो.

संगणकशास्त्रात ‘डाउनलोड’ आणि ‘स्ट्रीमिंग’ या नावांनी जो भेद केला जातो तो याच जातीचा आहे. स्ट्रीमिंगमध्ये चित्रफितीचा लहानसा अंश ग्राहक यंत्राच्या स्मृतीत साठविला जातो, तो दाखविला जात असतानाच पुढचा अंश येत असतो. या अल्प साठ्याला बफर म्हणतात. तो रिता झाला की पडद्यावर चक्र फिरू लागते, आणि घरातील माणसे ‘बफरिंग होतंय’ असे म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दात साठा भरण्याचा अर्थ आहे. मराठीत तो जवळजवळ ‘अडकणे’ या अर्थाने रूढ झाला, हे जाता जाता नोंदवावयास हरकत नाही. नभोवाणीसाठी ‘ध्वनिक्षेपण’ आणि दूरचित्रवाणीसाठी ‘प्रक्षेपण’ हे शब्द मराठीने घडविले आणि ते टिकले. स्ट्रीमिंगसाठी मात्र परकीय शब्दच राहिला. घरातल्या घरात, एका खोलीतील संगणकाकडून दुसऱ्या खोलीतील दूरचित्रवाणी संचाकडे होणाऱ्या प्रक्षेपणाला तर मराठीत स्वतंत्र नाव मिळालेच नाही.

हे घरगुती प्रक्षेपण २००५ ते २०१५ या दशकात प्रामुख्याने गेम कन्सोलच्या द्वारा होत असे, आणि ते क्वचितच सुरळीत होई. दोष जोडणीच्या वेगाचा, अशी याची सर्वसाधारण उपपत्ती दिली जाते. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु या काळातील मानके व यंत्रे यांचा क्रम लावून पाहिला असता ती अपुरी ठरते. अन्न पुरेसे होते, वाढपीही होता. काय खाण्याजोगे आहे याविषयी वाढपी व जेवणारा यांचे एकमत झालेले नव्हते. यंत्रांनी एकमेकांस कसे शोधावे आणि कोणत्या नावाने हाक मारावी, याचा करार तपशीलवार होता. ऐकलेले समजावे कसे, याचा करार किमान मर्यादेवरच थांबला होता.

अशा अडचणीचा पूर्वेतिहास मराठी कुटुंबांना अपरिचित नव्हता. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारतातील प्रक्षेपण ६२५ रेषांचे होते आणि १९८२ साली रंग आले ते पाल पद्धतीने. अमेरिकेत ५२५ रेषांची एनटीएससी पद्धती होती. त्यामुळे १९८० नंतरच्या काळात मायदेशाहून मराठी नाटकाची व्हिडिओ कॅसेट अमेरिकेस नेली तर ती तेथील साध्या यंत्रावर चालत नसे. बहुपद्धती यंत्र विकत घ्यावे लागे किंवा कॅसेटचे रूपांतर करून आणावे लागे. कॅसेटचा आकार तोच, फितीची रुंदी तीच, ती यंत्रात बसेही. वाचता मात्र येत नसे. हा भेद बव्हंशी दोन देशांतील वीजपुरवठ्याच्या ५० आणि ६० आवर्तनांतून उद्भवला होता, म्हणजे त्यात कोणाचा हेतू नव्हता. डीव्हीडीच्या वेळी तसे म्हणता येत नाही. जगाचे प्रदेश पाडून भारतास पाचवा आणि अमेरिकेस पहिला क्रमांक देण्यात आला, आणि एका प्रदेशाची चकती दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्राने नाकारावी अशी योजना बुद्ध्याच करण्यात आली. घरगुती प्रक्षेपणाच्या इतिहासात हे दोन्ही प्रकार, अनाहूत भेद आणि सहेतुक भेद, एकमेकांत इतके मिसळतात की ते निराळे करणे अनेकदा कठीण जाते.

महाराष्ट्रात डीव्हीडीपेक्षाही व्हीसीडीचा प्रसार अधिक झाला. १९९३ साली निश्चित झालेल्या या मानकात चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, संकोचन एमपीईजी-१ पद्धतीचे आणि एका चकतीची मर्यादा सुमारे ७४ मिनिटांची असे. यामुळे मराठी चित्रपटास बहुधा दोन चकत्या लागत. या चकत्या संगणकावर उतरवून घेण्याची प्रथा पडली, आणि तेथून पुढच्या अडचणीचे बीज पेरले गेले. चकतीवरील फाइलच्या नावाचा शेवट ‘डॅट’ असा असे. आत एमपीईजी-१ चेच चित्र असले तरी त्याभोवती चकतीला आवश्यक असे आणखी एक वेष्टण असे. कोणी नावाचा शेवट बदलून ‘एमपीजी’ करीत. काही यंत्रे तेवढ्याने फसत, काही आतील वेष्टण पाहून फाइल परत करीत.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढील सारा गोंधळ त्याच्या विस्मरणातून निर्माण झाला. चित्रफितीची फाइल म्हणजे एक पेटी असते. एव्हीआय, एमपी४, मात्रोस्का ही पेट्यांची नावे आहेत. पेटीच्या आत चित्र एका पद्धतीने आणि ध्वनी दुसऱ्या पद्धतीने संकोचित केलेला असतो. एमपीईजी-२, डिव्हएक्स, एच.२६४ ही चित्राच्या संकोचनाची, तर एमपी३, एसी-३, डीटीएस ही ध्वनीच्या संकोचनाची नावे होत. घरातील माणसास पेटीचे नावच दिसते. एकाच नावाच्या दोन फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, किंवा चित्र दिसते आणि आवाज येत नाही, याचा उलगडा त्याला त्या नावावरून होणे शक्य नव्हते.

संगणकावर साठलेले चित्र बैठकीच्या खोलीतील मोठ्या पडद्यावर पाहावे ही इच्छा स्वाभाविक होती. त्या काळातील दूरचित्रवाणी संच बहुतेक स्वतःहून फाइल उघडू शकत नसत. गेम कन्सोल मात्र संचाला जोडलेला असे, त्याची गणनशक्ती मोठी असे आणि त्यास जाळ्याशी जोडण्याची सोय असे. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर काही हौशी प्रोग्रामरांनी २००२ पासून स्वतःचा प्लेअर चालविला होता. पुढे ‘एक्सबीएमसी’ आणि २०१४ पासून ‘कोडी’ या नावाने तो प्रसिद्धीस आला. त्यासाठी कन्सोलमध्ये फेरफार करावा लागे. अधिकृत मार्ग त्यानंतर खुला झाला. एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत व सप्टेंबर २००६ मध्ये भारतात विक्रीस आला. सोनीचा प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये जपानमध्ये व एप्रिल २००७ मध्ये भारतात आला.

दोहोंचा पाया एकच होता. १९९९ साली स्थापन झालेल्या यूपीएनपी मंचाने यंत्रांनी परस्परांस शोधावे कसे याचे नियम केले. जून २००३ मध्ये सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी एकत्र येऊन घरगुती माध्यमांसाठी जो गट स्थापिला तो पुढे डीएलएनए या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि २००४ मध्ये त्याची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रकाशित झाली. त्या तत्त्वांतील एक तपशील या इतिहासाचा गाभा होय. प्रत्येक घरगुती यंत्राला वाचता आलीच पाहिजेत अशी स्वरूपे तीनच ठरली : स्थिरचित्रासाठी जेपीईजी, ध्वनीसाठी असंकोचित एलपीसीएम आणि चलच्चित्रासाठी एमपीईजी-२. बाकी सारी स्वरूपे ऐच्छिक होती. ऐच्छिक यादीत सोनीची अॅट्रॅक आहे, मायक्रोसॉफ्टची विंडोज मीडिया आहे. ती यादी म्हणजे सभासद कंपन्यांच्या हितसंबंधांचा नकाशाच म्हटला तरी चालेल. एमपीईजी-२ ही डीव्हीडीची पद्धती. तिचा एक चित्रपट कित्येक गिगाबाइटचा होई, म्हणून संगणकावर फाइली साठविणारे लोक तोवर डिव्हएक्स व तत्सम एमपीईजी-४ पद्धतींकडे वळले होते. ज्या स्वरूपाची हमी दिली गेली ते लोकांच्या संग्रही विरळ होते, आणि जे संग्रही होते त्याची हमी कोणी दिली नव्हती.

आता व्यवहाराकडे वळावे. संगणक चालू केला, सर्व्हरचा प्रोग्राम सुरू केला, तरी कन्सोलच्या पडद्यावर संगणकाचे नावच न उमटावे हा पहिला अनुभव असे. यूपीएनपीच्या नियमानुसार सर्व्हर २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर आपल्या अस्तित्वाची दवंडी देतो. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीची दुसरी सुधारणा आली आणि तीत फायरवॉल आपोआप चालू असे. अनुमती दिली नसेल तर कन्सोलची विचारणा घरात, म्हणजे संगणकात, शिरतच नसे. त्याहून चमत्कारिक प्रकार असा की संगणकाचे नाव प्रथम दिसे आणि सुमारे अर्ध्या तासाने नाहीसे होई. याचे कारण नियमातच आहे. दवंडीला मुदत असते, आणि ती किमान १८०० सेकंदांची असावी असे मानक सुचविते. मुदत संपण्यापूर्वी पुन्हा दवंडी द्यावयाची असते. कन्सोलने सुरुवातीला स्वतः विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थेट येते, ते अडत नाही. परंतु मधला राउटर जर सामायिक पत्त्यावरील संदेश तारेच्या भागातून वायफायच्या भागात सोडत नसेल तर नंतरच्या दवंड्या पोहोचत नाहीत, आणि मुदत संपताच कन्सोल त्या संगणकास अस्तित्वातून वगळतो. पाहणारास वाटे की संगणक बंद पडला. तो चालूच असे.

एक्सबॉक्स ३६० च्या बाबतीत याहून निराळी अट होती. सर्व्हरने आपले प्रकारनाम ‘विंडोज मीडिया कनेक्ट’ असे सांगितले नाही तर तो कन्सोल त्याच्याशी व्यवहारच करीत नसे. यामुळे लिनक्सवर चालणाऱ्या यूशेअर, मीडियाटूम यांसारख्या सर्व्हरांना एक्सबॉक्सपुढे त्या नावाचे सोंग घ्यावे लागे. ‘या ग्राहकास परवानगी आहे का’ या ठरावीक प्रश्नाला ठरावीक होकारही द्यावा लागे. गावोगाव हिंडणारा बहुरूपी पोलिसाच्या वेषात येतो तेव्हा घरधनी त्याला ओळखून हसतो. येथे मात्र सोंग ओळखले जाऊ नये यावरच सारे काम अवलंबून होते. समान मानकाचे दोन अनुयायी एकमेकांशी बोलण्यासाठी तिसऱ्याचे नाव धारण करतात, ही गोष्ट त्या मानकाच्या दुर्बलतेचा पुरावा म्हणून पुरेशी आहे.

स्वरूपांच्या बाबतीत कन्सोल हळूहळू उदार होत गेले. एक्सबॉक्स ३६० प्रथमतः मीडिया सेंटर असलेल्या संगणकाचाच चित्रपट दाखवी. २००६ च्या शरदातील सुधारणेने साध्या विंडोज संगणकावरील विंडोज मीडियाची चित्रे, मे २००७ मध्ये एच.२६४ आणि डिसेंबर २००७ मध्ये डिव्हएक्स व एक्सव्हिड असा क्रम लागतो. प्लेस्टेशन ३ ला मे २००७ मध्ये १.८० या आवृत्तीने डीएलएनए मिळाले आणि डिसेंबर २००७ मध्ये २.१० ने डिव्हएक्स मिळाले. २००७ हे वर्ष या दृष्टीने संधिकाल होय. तथापि मात्रोस्का ही पेटी, जिच्यात अनेक भाषांचे ध्वनी आणि उपशीर्षके एकत्र ठेवता येतात, या दोन्ही कन्सोलांनी अखेरपर्यंत स्वीकारली नाही. नाकारलेल्या फाइलीपुढे प्लेस्टेशनवर ‘अनसपोर्टेड डेटा’ अशी अक्षरे येत. या शब्दयोजनेकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष जावे. अक्षमता यंत्राची, आणि विशेषण लागते फाइलीला. घरात संगणकावर नीट चाललेली फाइल बिघडली आहे अशी पुष्कळांची समजूत होई, ती या विशेषणाचा आधार घेऊनच.

यावर जो उपाय निघाला त्याला रूपांतर, रूढ शब्दात ट्रान्सकोडिंग, म्हणतात. टीव्हर्सिटी आणि २००८ पासूनचा पीएस३ मीडिया सर्व्हर यांनी तो लोकप्रिय केला. संगणक फाइल उघडतो, तिचे एमपीईजी-२ मध्ये तत्क्षणी भाषांतर करतो आणि ते भाषांतर कन्सोलला पुरवितो. दुभाष्याच्या मार्फत चाललेल्या संभाषणाचे सारे गुणदोष येथे आढळतात. दुभाषा दमला की संभाषण खुंटते. साधा घरगुती संगणक उच्च विभेदनाच्या चित्राचे भाषांतर चित्राच्या गतीने करू शकत नसे, आणि चित्र थांबत थांबत चाले. अजून न झालेल्या भाषांतराची लांबी ठाऊक नसल्यामुळे चित्र पुढे सरकविण्याची सोयही पुष्कळदा राहत नसे. शिवाय एमपीईजी-२ अधिक जागा व्यापते. डीव्हीडीचा प्रवाह जास्तीत जास्त सेकंदाला सुमारे १० मेगाबिटचा. वायफायच्या तत्कालीन ‘जी’ प्रकाराचा नाममात्र वेग ५४ मेगाबिट असला तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्माही हाती येत नसे, आणि मध्ये भिंती असल्या की आणखी घटे. वेगाची अडचण ती हीच. भाषांतराने प्रवाह फुगविला नसता तर मूळ फाइल त्याच वायफायवरून सहज गेली असती.

महाराष्ट्रापुरते एक कारण आणखी जोडावे लागते. २००५ नंतर काही वर्षे राज्यात, विशेषतः ग्रामीण भागात, दीर्घ भारनियमन होते. घरगुती प्रक्षेपणाला संगणक, राउटर, कन्सोल आणि दूरचित्रवाणी संच अशी चार यंत्रे एकाच वेळी जागी लागतात. संगणकाजवळ यूपीएस असला तरी उरलेल्या तिघांचा प्रश्न राही, आणि वीज परत आल्यावर शोध, दवंडी, यादी असा सारा विधी आरंभापासून करावा लागे. चकती यंत्रात घालून पाहण्याचा जुना मार्ग अशा ठिकाणी टिकून राहिला याचे नवल वाटू नये.

मराठी वापरणारांच्या वाट्याला यापलीकडे एक स्वतंत्र पीडा आली, आणि ती लिपीची होती. यूपीएनपीच्या यादीत फाइलींची नावे एक्सएमएल स्वरूपात व यूटीएफ-८ या संकेतनात पाठविली जातात, म्हणजे मराठी नाव तारेवरून अविकृत जाते. अडचण दोन्ही टोकांना होती. उगमाकडे, संगणकावरील मराठी बराच काळ निरनिराळ्या फाँटांच्या खाजगी संकेतनांत लिहिली जात असे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले, यूनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. परंतु छपाईच्या व्यवसायात श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांची संकेतने चालू राहिली. त्यांत लिहिलेले शीर्षक दुसऱ्या यंत्रावर गेले की अर्थहीन रोमन चिन्हांची माळ दिसे. ग्रहणाकडे, कन्सोलजवळ देवनागरीची मुद्राक्षरे नसली तर शुद्ध यूनिकोडमधील नावाच्या जागी चौकोन उभे राहत. मुद्राक्षरे असून जोडणीचे नियम नसले तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर येई आणि जोडाक्षरे पाय मोडून पडत.

गाण्यांच्या फाइलीत तर जागेचाच प्रश्न होता. एमपी३ फाइलीच्या शेवटी शीर्षक लिहिण्याची जी पहिली पद्धती १९९६ मध्ये निघाली, तीत शीर्षकास ३० बाइट दिलेले आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे मराठीला १० चिन्हे मिळतात, आणि त्यांत काना, मात्रा, हलन्त स्वतंत्र मोजावे लागतात. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात अशी ११ चिन्हे आहेत. अकरावे गळले की ‘ज्ञानेश्वर’ उरते : ग्रंथाचा ग्रंथकार होतो. पुढील पद्धतींनी, १९९९ व २००० मध्ये, ही मर्यादा काढून टाकली; परंतु जुन्या पद्धतीचेच वाचन करणारी यंत्रे दीर्घकाळ वापरात होती.

शोधाची अडचण त्याहून सूक्ष्म आहे. ‘वाऱ्यावरची वरात’ या शीर्षकातील पहिल्या शब्दात मराठीचा विशिष्ट असा आडवा रकार आहे. यूनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ आणि हलन्त वापरून, अथवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने हे दोन भिन्न शब्द होत, आणि एकाने शोधले असता दुसरा सापडत नाही. ‘ॲ’ या स्वराची स्थिती अशीच. त्यास यूनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. तोवर लिहिलेली नावे ‘ऍ’ वापरून किंवा ‘अ’ वर चंद्र जोडून लिहिली गेली आणि तशीच राहिली. दिसणे एक आणि संकेत निराळा, हे जे चित्रफितींच्या पेट्यांबाबत घडले तेच अक्षरांबाबतही घडले. दोन्ही ठिकाणी डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावर माणसाने विश्वास ठेवला आणि यंत्राने ठेवला नाही.

पुष्कळ कुटुंबांनी यातून सोपा मार्ग काढला व फाइलींची नावे रोमन लिपीत लिहिली. अशा नावांची यादी कन्सोलवर स्वच्छ दिसे. मात्र रोमन लिपीच्या सहज वापरात ल आणि ळ, न आणि ण, ऱ्हस्व आणि दीर्घ यांचे भेद राहत नाहीत; ‘कला’, ‘कळा’, ‘काला’ आणि ‘काळा’ ही चारही शीर्षके यादीत एकाच नावाने उभी राहतात. घरातील आजी-आजोबांना ती यादी वाचता येत नसल्यामुळे रिमोट नातवाच्या हाती जाई. ज्यांच्यासाठी जुनी नाटके आणि कीर्तने संगणकावर जपून ठेवलेली असत, त्यांना ती स्वतः निवडता येत नसत. या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठी हानी हीच म्हटली पाहिजे, आणि तिची नोंद कोणत्याही मानकात नाही.

हे दशक संपले ते अडचणी सुटल्यामुळे नव्हे. २०१३ च्या नोव्हेंबरात आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये आरंभी डीएलएनए नव्हतेच; ते जून २०१५ मध्ये वेगळ्या प्लेअरच्या रूपाने देण्यात आले. जुलै २०१५ च्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर वगळले गेले. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, आणि दूरच्या सर्व्हरवरून येणारा प्रवाह घरातल्या संगणकापेक्षा जवळचा वाटू लागला. डीएलएनए ही संघटना जानेवारी २०१७ मध्ये विसर्जित झाली. दूरस्थ सेवांनी करार पुरा केला असे नव्हे. तेथे वाढपी आणि पत्रावळ एकाच यजमानाची असल्यामुळे कराराची गरजच उरली नाही. मात्र त्या पंगतीत स्वतःच्या घरचे काही वाढता येत नाही.

संगणकावर राहिलेल्या फाइलींचे काय झाले याचे उत्तर पुष्कळ घरांत सारखेच मिळते. त्या पेन ड्राइव्हवर घालून थेट संचाला किंवा कन्सोलला लावल्या गेल्या. म्हणजे पंगत मोडून लोक पुन्हा शिध्याकडे वळले. त्यातही प्लेस्टेशन ३ सारखा कन्सोल फॅट३२ पद्धतीनेच मांडलेला पेन ड्राइव्ह वाचत असे, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. मोठ्या चित्रपटाचे दोन तुकडे करावे लागत, आणि पहिला तुकडा संपला की व्हीसीडीच्या काळाप्रमाणेच कोणीतरी उठून दुसरा लावीत असे.